आमेन होईपर्यंत

आमच्या घरी बायबल वाचताना मध्ये बोलायचं नाही, हा नियम. कोणी घातला ते मला माहीत नाही. मी जन्मले तेव्हा तो होताच. रोज सकाळी एक अध्याय. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि वाचून झालं की ऐकणाऱ्यांमधलं सगळ्यात मोठं जे माणूस असेल त्याने 'आमेन' म्हणायचं. त्या आमेनपर्यंत कोणी उठायचं नाही, तोंड उघडायचं नाही, दाराची बेल वाजली तर वाजू द्यायची. मी तिसरीत असताना एकदा दूध उतू गेलं. बाबा वाचत होते, आई आणि मी ऐकत होतो, आणि करपल्याचा वास थेट नाकात. आई जागची हलली नाही. फक्त दर दोन वचनांनी तिची मान थोडीथोडी स्वयंपाकघराकडे वळत होती. आमेन म्हटलं आणि मग धावली.

पुढे एकदा वाचन चालू असताना मला गांधीलमाशी चावली, पोटरीला. मी ओठ दाबून बसले. पंचवीस-तीस वचनं तशीच बसले, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि तोंडातून आवाज नाही. आमेन झाल्यावर आईने पोटरी बघितली, चुना लावला, तिचेही डोळे भरले आणि म्हणाली, "शहाणी गं माझी बाय ती." त्या दिवशी मी काहीतरी मोठं केलंय असं मला वाटलं होतं. आता त्या शाबासकीचा मला राग येतो. कुठल्याही शहाण्या घरात पोरीने बोंब मारली असती आणि ते बरं झालं असतं.

आई दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. निवृत्त होऊन तिला वीसेक वर्षं झाली, पण अजून ती समोरच्या माणसाला पुढच्या बाकावर बसवल्यासारखी बोलते. बोलायची. बाबा गेल्यापासून मयूर विहारच्या आमच्या जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, मधलं नाही. म्हणजे ती स्वयंपाक करू शकते, जिना उतरू शकते, पण अक्षर वाचू शकत नाही. माणसाकडे बघायचं तर मान तिरकी करून बघते. तेव्हा तिने मला फोन केला आणि म्हणाली, "रोज सकाळी मला वाचून दाखवशील का? फोनवर." माझ्या आईने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी हो म्हटलं आणि मग दोन दिवस पस्तावले.

कारण मी तशी भाविक वगैरे नाही. रविवारी चर्चला जाते ती बहुतेक आईला गाडीतून न्यायचं असतं म्हणून. नवरा हिंदू आहे, त्याच्या गणपतीला मोदक मीच करते आणि बरे करते. गुडगावला सतराव्या मजल्यावर घर, ऑफिस त्याच गावात, सकाळी सात वाजल्यापासून फोन हातात. त्यात हे नवीन. पण बघता बघता अंगवळणी पडलं. सहा चाळीसच्या आसपास मी फोन लावायची. आई तिच्या वेताच्या खुर्चीत बसलेली असायची, समोर टेबलावर पोळ्यांच्या डब्याला टेकवलेला फोन, स्पीकर चालू, आणि मांडीवर तिचं स्वतःचं जाडजूड बायबल उघडून. एक अक्षर दिसत नसताना. मी वाचायची आणि ती अंदाजाने पान उलटायची. मला त्या पानाची सळसळ ऐकू यायची.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, काहीही न वगळता, असा आमचा क्रम; डोळे गेले तेव्हा ती जिथे पोचली होती तिथून मी पुढे धरला. सव्वातीन वर्षं लागतात. लोकांना वाटतं बायबल म्हणजे सगळं मेंढपाळ आणि प्रेम. अहो, त्यात पानंच्या पानं नुसत्या वंशावळी आहेत. तंबूच्या कापडाची मापं आहेत. सकाळी पावणेसातला एका हातात चहा घेऊन मी अंगावरच्या चट्ट्यांचे प्रकार वाचतेय, कुठला चट्टा शुद्ध आणि कुठला अशुद्ध. मी गाळायला लागले. एखाददुसरं वचन, मध्येच, आवाज न बदलता. आई काही बोलायची नाही, नियम होता ना. अध्याय संपला की "आमेन" म्हणायची आणि मग त्याच सुरात, "तीन राहिली." बरोबर तीनच राहिलेली असायची. मग ती तीन मला परत वाचावी लागायची. तिला सगळं पाठ होतं असं नाही, पण चाळीसेक वर्षं तेच ते ऐकून कान तयार झालेला. मी खूप प्रयत्न करून बघितले, तिचा आकडा एकदाही चुकला नाही.

या रोजच्या वाचनाने काय मिळतं असं मला कोणी विचारलं तर खरं उत्तर असं की बहुतेक दिवशी काही मिळत नाही. वाचलं, आमेन झालं, आंघोळीला गेले. कधी कधी मात्र दुपारी एखाद्या मीटिंगमध्ये, समोरचा माणूस स्लाइड दाखवत असताना, सकाळचं एखादं वाक्य डोक्यात येऊन बसतं आणि हलत नाही. आणि एक गोष्ट आहे. मोठ्याने वाचताना आवाज लपवता येत नाही. मी रडले असेन, चिडले असेन, नवऱ्याशी अबोला असेल, आईला दुसऱ्या वचनाला कळायचं. मलाही तिच्या नुसत्या खोकण्यावरून कळायचं की रात्री झोप लागली की नाही. दिवसाकाठी आमचं एवढंच बोलणं आणि त्यातला एकही शब्द आमचा नाही.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघी साखळीवरून भांडलो.

आईच्या दाराला आतून पितळी साखळी आहे, बाबांनी बसवलेली. दाराची एक किल्ली मी खालच्या मजल्यावरच्या आंटींकडे देऊन ठेवली होती, वेळप्रसंगाला असावी म्हणून. पण आई रोज रात्री आतून साखळी लावायची आणि सकाळी दूधवाला आला की काढायची. म्हणजे ती किल्ली असून नसून सारखीच. रविवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते. हवा इतकी घाण होती की बाल्कनीतून समोरची बिल्डिंग धुरकट दिसत होती आणि आई खोकत होती. मी म्हटलं, "एक तर माझ्याकडे राहायला ये, नाहीतर ती साखळी काढ."

"तुझ्याकडे सतराव्या मजल्यावर मी काय करू?" ती म्हणाली. "तिथलं कबुतरसुद्धा माझ्या ओळखीचं नाही. इथे चर्च आहे, आंटी आहेत, भाजीवाला मला आवाजावरून ओळखतो."

"आणि पडलीस म्हणजे? भाजीवाला उचलायला येणारे का? आत मरून पडशील आणि आम्ही दार तोडायला सुतार शोधत फिरू."

हे मी माझ्या एकोणऐंशी वर्षांच्या आईला म्हटलं. अगदी याच शब्दांत. माझी जीभ अशीच आहे, ऑफिसात लोक घाबरतात आणि घरचे सोडून देतात. आई म्हणाली, "बरं." आईचं 'बरं' आलं की समजायचं, आता दार बंद झालं. त्यानंतर तिने मला चहा दिला, डब्यात चकल्या भरून दिल्या, आणि एक शब्द बोलली नाही. मी जिना उतरत होते तेव्हा वर साखळी लावल्याचा आवाज आला. मुद्दाम जोरात लावली होती, मला ऐकू यावी म्हणून. मी खालूनच म्हटलं, "लाव, लाव." तिने ऐकलं असणार.

सोमवारी सकाळी सहा एक्केचाळीसला मी फोन लावला. एरवी ती "आलीस?" म्हणते. त्या दिवशी म्हणाली, "आज तटाचा अध्याय आहे."

तटाचा अध्याय म्हणजे असा: शहराचा तट पडलेला आहे आणि लोक तो दुरुस्त करतायत. कोणी कुठला दरवाजा बसवला, त्याच्या शेजारी कोण, त्याच्या शेजारी कोण, अशी बत्तीस वचनं. नुसती नावांवर नावं, एकाहून एक अवघड. आईला तो फार आवडतो. कारण त्यात काही जण आपापल्या घरासमोरचा तट दुरुस्त करतात, आणि एका माणसाबरोबर त्याच्या मुलीही कामाला लागलेल्या आहेत. "बघ," ती बाबांना म्हणायची, "पोरीसुद्धा होत्या दगड उचलायला." आता, आम्ही क्रमाने वाचतो, अध्याय कोणी निवडत नाही. तरी मला त्या सकाळी वाटलं की आपापल्या घरासमोरची भिंत हा विषय हिने माझ्या नाकावर टिच्चून आणलाय.

"आठला माझी मीटिंग आहे," मी म्हटलं.

"मग नीट बस आणि वाच. रागात वाचलं की नावं चुकतात."

तिच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं पूर्ण वाक्य हेच आहे.

मी वाचायला लागले. भरभर, नावं तोडत, कोणावर तरी उपकार केल्यासारखी. नवव्या वचनाच्या जवळपास फोनमधून धप्प असा आवाज आला. जाड पुस्तक पडल्याचा. मला वाटलं, आपटलं हिने. मी इथे चहा गार करून वाचतेय आणि ही पुस्तकं आपटतेय. माझं डोकंच फिरलं. दहावं, अकरावं, बारावं, तेरावं अशी चार वचनं मी सरळ सोडली आणि चौदाव्यावर उडी मारली. एरवी चोरून गाळायची, ही उघडउघड गाळली. तिने चिडावं, नियम मोडून मध्ये बोलावं, "अगं, काय चाललंय" म्हणून ओरडावं, एवढंच मला हवं होतं. ती मुलींची ओळ त्याच चारात होती, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

पलीकडून काही नाही. मी बत्तिसाव्यापर्यंत गेले आणि थांबले. आमेनची वाट बघितली. काहीतरी फरशीवर घासल्यासारखा बारीक आवाज येत होता. मला वाटलं खुर्ची सरकवतेय. मी मनात दहापर्यंत मोजलं. मग म्हटलं, "ठीक आहे, नको म्हणूस," आणि फोन कट केला.

सात-सव्वासातला कॅबमध्ये बसले. नवरा पुण्याला गेला होता, नाहीतर त्याच्याजवळ तरी बडबडले असते. ड्रायव्हरने गाणी लावली होती ती बंद करायला लावली आणि खिडकीबाहेर बघत आईशी मनातल्या मनात भांडत राहिले. मोठी आली रुसणारी. पुस्तक आपटते. आणि तिथे, एका सिग्नलला, मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. पुस्तक आपटते?

माझी आई चिडली की भांडी आपटते. कपाटाची दारं आपटते. ते पुस्तक नाही. लहानपणी माझा पाय लागला तर तिने मला ते उचलून छातीशी धरून उभं केलं होतं. ते जमिनीवर ठेवायचं नाही, त्याच्यावर चहाचा कप ठेवायचा नाही. आणि दुसरं म्हणजे आमेन. ती रुसली तर जेवायची नाही, बोलायची नाही, पण आमेन तिने कोणावर रुसून अडवलं नव्हतं. बाबा गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा म्हटलं होतं. आमेन काही वाचणाऱ्यासाठी नसतं, देवासाठी असतं, माझ्यावरच्या रागापायी ती ते थोडंच अडवणार होती.

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तिसऱ्यांदा वाजत असतानाच मी ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, मयूर विहार चलो." तो म्हणाला, "मैडम, बुकिंग तो..." मी म्हटलं, "चलो बस." माझ्या आवाजात काहीतरी असणार, त्याने पुढे काही विचारलं नाही आणि गाडी वळवली.

आंटींना फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी म्हटलं, "आंटी, चाबी लेके ऊपर जाइए, मम्मी फोन नहीं उठा रहीं. फोन काटना मत." त्यांचे गुडघे दुखतात. एक एक पायरी मला ऐकू येत होती, त्यांचा श्वास, कठड्याला बांगड्या लागल्याचा आवाज. मी साखळीचा विचार करत होते. त्या सोसायटीत सकाळी साडेसातला सुतार कुठे मिळतो, अंकलना दार तोडता येईल का, फायर ब्रिगेडला फोन करावा का. रविवारी मी जे बोलले होते ते सगळं शब्दाला शब्द समोर येऊन उभं राहिलं होतं. किल्ली फिरल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "आंटी, अंदर से चेन लगी होगी, अंकल को बुलाइए, धक्का मारना पड़ेगा."

"चेन तो खुली लटक रही है, बेटा," आंटी म्हणाल्या.

दूधवाल्याची वेळ आठची. म्हणजे मी जिना उतरत असताना जी साखळी तिने मला ऐकवून लावली होती, ती नंतर कधीतरी उठून काढली होती. मला न सांगता.

मग आंटींचा आवाज बदलला. आई खुर्चीशेजारी जमिनीवर होती. डोळे उघडे. बोलत नव्हती, उजवा हात अंगाखाली. आंटींनी आणि अंकलनी, वॉचमनला हाक मारून, तिला चादरीत घालून खाली आणलं आणि अंकलच्या गाडीतून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला नेलं. मी तेव्हा धौला कुआँला अडकले होते. पुढे गाड्या, मागे गाड्या, वर ती पिवळी घाण हवा. मी दार उघडून पळत जायचा विचार केला आणि मग तेवीस-चोवीस किलोमीटर आहे हे आठवलं.

पावणेनऊला आंटींच्या फोनवरून डॉक्टर बोलले. तरुण आवाज, घाईत, पण नीट बोलणारा. स्कॅन झाला होता. डोक्यात रक्ताची गाठ अडकली आहे, रक्तस्राव नाही. एक इंजेक्शन आहे, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, उशीर झाल्यावर दिलं तर मेंदूत रक्त वाहू शकतं. "आंटीजी कह रही हैं उन्होंने कल शाम को देखा था. कल शाम से गिनें तो टाइम निकल गया. किसी ने उसके बाद उन्हें ठीक देखा है?"

"छह इकतालीस," मी म्हटलं. "आज सुबह. मैंने बात की है."

"पक्का? देखा?"

"देखा नहीं. सुना. फोन पे. कॉल लॉग में है, मैं अभी भेजती हूँ."

"बोली साफ थी? क्या बोलीं?"

मला ते हिंदीत सांगावं लागलं. मी म्हटलं, "बिल्कुल साफ. बोलीं, ठीक से बैठो और पढ़ो, गुस्से में पढ़ने से नाम ग़लत होते हैं." ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले, "फिर?" मी म्हटलं, "फिर मैं पढ़ती रही. दो-तीन मिनट बाद किताब गिरी."

"आपने सुना किताब गिरी?"

"हाँ."

"और मदद कितने बजे बुलाई?"

"साढ़े सात."

तो काही न्यायाधीश नव्हता, नुसता आकडे लिहून घेत होता. पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मैं नाराज़ थी. मैंने समझा उन्होंने गुस्से में पटकी." तो म्हणाला, "ठीक है मैम. टाइम अभी है. रिस्क मैंने बता दिया, आप हाँ कहती हैं?" आणि मी हो म्हटलं. धोका किती, फायदा किती, मला काही समजलेलं नव्हतं. त्या रस्त्यावर बसून, समोरच्या ट्रकच्या मागच्या रंगवलेल्या गुलाबांकडे बघत मी हो म्हटलं आणि मग आश्रमच्या फ्लायओव्हरपर्यंत देवाला सांगत राहिले की हे चुकलं असेल तर मला घे. प्रार्थना म्हणतात त्याला तसं काही ते नव्हतं. अर्ध्यापेक्षा जास्त शिव्याच होत्या, मला स्वतःला.

आई वाचली. ते कॉल लॉग नसतं तर इंजेक्शन मिळालं नसतं, असं त्या डॉक्टरने मला नंतर दोनदा सांगितलं. त्याला वाटत होतं मला बरं वाटेल. लोक म्हणाले, देवाच्या वचनाने वाचवलं. पास्टरही आले आणि तेच म्हणाले. मी मान डोलावली. मला एकच गोष्ट पोखरत होती. मी डॉक्टरला विचारलं, हात बधिर होतोय हे कळायला आणि वाचा जायला मध्ये काही वेळ असतो का? तो म्हणाला, कधी एकदम जाते, कधी मिनिट-दोन मिनिटं मिळतात. म्हणजे तिला मिनिटभर मिळालं असेल. तिसऱ्या-चौथ्या वचनाला तिला कळलं असेल, आणि मी वाचत होते म्हणून ती थांबली असेल. गांधीलमाशी चावल्यावर मी थांबले होते तशी. हे मी कोणाला विचारू?

तिला विचारता येत नव्हतं. उजवा हात निकामी, आणि बोलणं गेलं. नुसता 'अं' यायचा. त्याहून वाईट म्हणजे तिला कितपत कळतंय हे कोणाला सांगता येईना. स्पीच थेरपिस्ट मुलगी यायची, चित्रांची मोठी मोठी कार्डं तिच्या डोळ्यांच्या कडेला धरायची: गाय, कप, घर. "अम्मा, गाय दिखाओ." आई खिडकीबाहेर बघायची. मुलगी वहीत काहीतरी लिहायची. बाहेर येऊन मला म्हणाली, समज पण गेली असू शकते, फार आशा ठेवू नका, वेळ लागतो. मी रात्रंदिवस तिचा चेहरा वाचत होते आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. माझ्या बोलण्यावर तिच्या डोळ्यांत काही हलतंय असं एका क्षणी वाटायचं, दुसऱ्या क्षणी वाटायचं मीच ते घालतेय.

बाराव्या दिवशी तिला घरी आणलं. तिच्या घरी, मयूर विहारला. मी लॅपटॉप आणि चार कपडे घेऊन तिथेच राहायला आले. सतरावा मजला नवऱ्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं आवरेपर्यंत सहा चाळीसचे पावणेआठ झाले, मग मी तिला उशा लावून वेताच्या खुर्चीत बसवलं आणि पुस्तक शोधायला लागले. ते कपाटाच्या वर होतं. आंटींनी त्या गडबडीतही ते जमिनीवरून उचलून, आपल्या धुतलेल्या ओढणीत गुंडाळून सगळ्यात उंच जागी ठेवलं होतं. एक कोपरा दुमडला होता. मी ते तिच्या मांडीवर ठेवलं. तिचा डावा हात त्याच्यावर आला आणि तिथेच राहिला. त्यावरून काही कळत नाही, मी स्वतःला बजावलं, हाताला सवय असते.

कुठून वाचायचं हा प्रश्नच नव्हता. ज्याला आमेन झालेलं नाही तो अध्याय संपलेला नाही. मी माझ्या बायबलात तटाचा अध्याय काढला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या समोर बसून वाचत होते. सावकाश वाचलं. नावं न तोडता वाचली. दहाव्या वचनात तो माणूस आपल्या घरासमोरची भिंत दुरुस्त करतो, ते वाचलं. बाराव्यात त्या मुली आल्या तेव्हा माझा आवाज फाटला, मी थांबले, पाणी प्यायले नाही, परत वाचलं. बत्तीसच्या बत्तीस वचनं. मग गप्प बसले.

दाराची बेल वाजली. दूधवाला असणार. मी उठले नाही. आई पुस्तकाकडे तोंड करून बसली होती. मला खरंच भीती वाटत होती. ही आता काहीच करणार नाही, मी इथे बसून राहीन आणि मला कळेल की आत कोणी नाही. बेल परत वाजली.

तिने डावा हात पुस्तकावरून उचलला. अंगठा आत दुमडला आणि चार बोटं वर केली.

मला कळेना. चार काय? पाणी? गोळ्या? मी म्हटलं, "आई, आज एकही नाही गाळलं. बत्तीसची बत्तीस वाचली." तिने हात तसाच ठेवला. जरा पुढे आणला. मान तिरकी केली, कडेच्या डोळ्याने मला पकडलं, आणि ती चार बोटं माझ्यासमोर हलवली. वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरीसमोर हलवावीत तशी.

मग मला कळलं. आई जमिनीवर पडली होती. हात गेलेला, जीभ गेलेली, आणि वर टेबलावरून माझा आवाज येत होता. ती ऐकत होती. मोजत होती. बोलायला जीभ असती तरी तिने मध्ये टोकलं नसतं. ती माझं वाचून व्हायची वाट बघत होती, म्हणजे मग मला सांगता येईल, चार राहिली. आणि वाचून झाल्यावर मी फोन कट केला.

"हो," मी म्हटलं. "चार. त्या दिवशी मुद्दाम गाळली, आई. रागात होते." मी ओढणीने नाक पुसलं, आंटींची ओढणी होती ती.

तिने हात खाली घेतला. तोंड उघडलं. "आ," एवढंच आलं. तिने डोळे मिटले, परत प्रयत्न केला, मानेच्या शिरा ताणल्या, परत "आ." तिच्याऐवजी मी म्हणू का असं मी विचारलं तर तिने मान हलवली, नाही. बाहेर दूधवाला पिशवी दाराला अडकवून निघून गेला. माझा फोन टेबलावर थरथरत होता, ऑफिसचा असणार.

आमेन अजून झालेलं नव्हतं. मी बसून राहिले.